भाऊजी, तुमच्या रॅपमधल्या त्या दोन ओळी

भाऊजी,

तुम्ही जाऊन अठरा दिवस झाले. चर्चच्या मंडळीच्या मासिकात तुमच्यावर छापायचं आहे म्हणून पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले. "बाई, तुम्हीच लिहा," म्हणाले. तुमचा जन्म, बाप्तिस्मा, ऑर्केस्ट्रातली वर्षं, हे सगळं त्यांना तुमच्या थोरल्या भावाकडून मिळालंय. मला ते लिहायचं नाही. तुमचं माझं एक भांडण अर्धं राहिलंय. ते मी हरले आहे, आणि तुम्हाला ते कळायच्या आत तुम्ही निघून गेलात. हे काही बरं केलं नाहीत.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली, तर मी आधी ती उलटी करून बघते. सव्वीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. घरून लिहून आणलेला निबंध मुलानं लिहिलाय की त्याच्या आईनं, हे मला दुसऱ्या ओळीला कळतं, असं मी स्टाफरूममध्ये मिरवायची. तुम्ही त्यावरून मला 'सीआयडी वहिनी' म्हणायचात. मला राग यायचा, पण आतून जरा बरंही वाटायचं.

आणि तुमच्यावर संशय घ्यायला मला कारण नव्हतं असं थोडंच आहे? लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे, हळदीत तुम्ही असं गायलात की माझ्या माहेरच्या बायका तुमच्यासाठी मुली सुचवायला लागल्या. पुढं तुम्ही लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेलात. मग गाण्याच्या पुढं दारू आली, आणि तुमच्या शब्दाची किंमत घरात कुणीच धरेनासं झालं. पैसे बुडवले नाहीत कुणाचे, एवढं खरं. पण येतो म्हणाल आणि यायचा नाहीत. आई शेवटच्या आजारपणात रोज विचारायच्या, "विनय कुटं हाय?" फोनवर तुम्ही म्हणालात, "रविवारी येतो आई, तुझं आवडतं भजन म्हणतो." त्या रविवारी आईंनी मला केस विंचरायला लावले. तुम्ही आलात मंगळवारी. सोमवारीच आम्ही त्यांना मूठमाती देऊन आलो होतो.

तो रविवार मी तुम्हाला कधी माफ केला नाही. तोंडानं केला, प्रार्थनेतही केला. पण मनानं नाही.

म्हणून सहा वर्षांपूर्वी तुम्ही दारू सोडून चर्चमध्ये परत आलात, मागच्या बाकावर बसलात आणि एक दिवस उभं राहून प्रभूनं दारू कशी सोडवली याची साक्ष दिलीत, तेव्हा सगळी मंडळी रडली. हे रडले. मी रडले नाही. बाहेर पडताना तुमच्याशी हात मिळवायच्या निमित्तानं मी जवळ आले आणि वास घेतला. पेपरमिंटचा वास आला. झालं, माझ्या संशयाला आणखी एक खुंटी मिळाली.

मग तुमचं ते नवीन खूळ सुरू झालं. शनिवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आठवी ते बारावीची पोरं-पोरी जमायला लागली. जी पोरं रविवारी उपासनेला आईबापांनी ओढून आणावी लागायची, ती शनिवारी जेवणाचं ताट अर्धं सोडून पळायला लागली. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येऊ नये म्हणून तुम्ही खिडक्यांना आपल्या सोलापुरी चादरी टांगल्यात. आमच्या घरातल्या दोन गेल्या त्यात, एक तर माझ्या रुखवतातली होती. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. एप्रिलच्या उन्हात तिथं पंधरा जण घामानं निथळत मोबाइलपुढं उभे, आणि तुम्ही एका हातातल्या ताटानं वारा घालत दुसऱ्या हातानं ताल धरताय, असं मी दारातून पाहिलं. "हे काय चाललंय?" विचारलं, तर सगळ्यांनी ओठांवर बोट ठेवलं. माझ्याच चर्चमध्ये मला गप्प केलं.

ताल कुठून आणलात हे तर आणखी निराळं. अशोक चौकाच्या मागं श्रीनिवास अण्णांचा यंत्रमागाचा कारखाना आहे, तिथं पोरांना घेऊन गेलात आणि मागाची खडखड रेकॉर्ड करून आणलीत. अण्णा काय म्हणाले ते तुम्हीच जेवताना सांगितलंत. "आवाज पायजे? घ्या की. आमी तर चाळीस वर्षं हा आवाज बंद व्हावा म्हणून तळमळतोय, आन तुमी ह्याचं गाणं करताय." ती खडखड तुम्ही कापून, जोडून एका गाण्याखाली लावलीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझा पाय हलला. मी तो लगेच साडीखाली ओढून घेतला. हेही आज कबूल करते.

पण मला ते पटत नव्हतं, भाऊजी, आणि सगळं आजही पटलेलं नाही. मोबाइलवर पोरं जी ख्रिस्ती पॉप गाणी ऐकतात, त्यांत 'तुझ्याविना मी अधुरा', 'तुझ्या मिठीत ये' असलं काहीतरी असतं. मी तुम्हाला म्हणाले होते, यातला प्रभू काढून शेजारचा राहुल बसवला तरी गाण्याचं काही बिघडत नाही. तुम्ही पोट धरून हसलात. मग म्हणालात, "वहिनी, पंधरा वर्षांच्या पोराला प्रेमाची दुसरी भाषा येती कुटं? जी येती त्यात बोलतंय बिचारं."

मी म्हणाले, पोरं तुमच्याकडं माइकसाठी येतात, प्रभूसाठी नाही.

तुम्ही म्हणालात, "येऊ द्या की. मी पण दारूला माइकमुळंच लागलो. त्याच वाटेनं कुणी परत येत असंल तर तुमी का आडवं लावताय?"

उत्तर नसलं की मी नियम काढते. चर्चच्या आम्हा पंचांच्या बैठकीत मी ठराव मांडला की तरुणांच्या कार्यक्रमात म्हणायचं प्रत्येक गाणं आधी कागदावर लिहून माझ्याकडं द्यावं, मी वाचून खूण केल्याशिवाय ते म्हणू नये. आणि प्रत्येक गाण्यात प्रभूचं नाव किमान तीनदा यावं. बाकीचे पंच लगेच हो म्हणाले, कारण वाचायचं काम त्यांना नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तुमचा कागद आला. पहिली ओळ होती, 'प्रभू, प्रभू, प्रभू'. त्यानंतर अठ्ठावीस ओळींत नाव नाही. नियम पूर्ण! मी चिडले आणि हे स्वयंपाकघरात जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसत बसले.

एकदा 'सैताना, चल निघ बे' अशी ओळ होती. मी 'बे' खोडलं. चर्चमध्ये 'बे' चालणार नाही म्हणाले. तुम्ही अगदी गंभीर चेहरा करून विचारलंत, "मग सैतानाला काय म्हणू वहिनी? अहो?" ती ओळ मी राहू दिली. सोलापूरच्या पोरानं सैतानाला 'बे' नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं, हे मलाही पटलं होतं.

एक गोष्ट मात्र मला सलायची. कागद नेहमी तुमच्या अक्षरात असायचा. "पोरांचं अक्षर तुम्हाला वाचवणार नाही, म्हणून मी फेअर करून देतो," असं तुम्ही म्हणायचात. मी मनाशी ठरवून टाकलं की गाणी तुम्हीच लिहिता आणि पोरांच्या तोंडी घालता. स्वतःची हौस राहिली, ती लेकरांकडून भागवून घेताय. पाळकसाहेबांनाही मी हे बोलून दाखवलं. तुमच्या कानावर ते गेलं असणारच.

यात आमची शेरॉन कधी शिरली हे मला कळलंच नाही. आमची एकुलती एक, दहावीत गेलेली. वर्षभरात तिचं बोलणं इतकं कमी झालं होतं की 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' यावर घर चाललं होतं. मी म्हणायचे, वय आहे. शाळेत अशा चाळीस मुली बघते मी रोज. ती तुमच्या हॉलमध्ये जायला लागली तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, ही आता आपल्या हातून गेली. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मी आणखी लांबवली.

आणि मग ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या कार्यक्रमाचा तो कागद आला. त्यात या ओळी होत्या. पाठ झाल्यात मला.

'आमच्या घरी रोज प्रार्थना, जेवणाआधी, झोपण्याआधी,
मला काय झालं हे विचारणं राहून गेलं त्या सगळ्यामधी.'

मी दोन्ही ओळींवर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'ख्रिस्ती घराची बदनामी. वगळावे.'

कागद घ्यायला तुम्ही आलात तेव्हा मी भाकरी थापत होते. तुम्ही वाचलंत. नेहमी मी काही खोडलं की तुम्ही चेष्टा करायचात, त्या दिवशी केली नाहीत. "वहिनी, एवढ्या दोन ओळी राहू द्या की," म्हणालात. "बाकी काय पण काढा."

मी म्हणाले, "आईंच्या घरात रोज प्रार्थना व्हायची, म्हणून तुम्ही त्यांच्यावर लिहिताय. तुमच्या दारूचं खापर मेलेल्या बाईच्या प्रार्थनेवर फोडू नका."

आईंच्या त्या रविवारनंतर इतकं टोचून मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. तुम्ही कागदाची घडी घातलीत, उघडलीत, परत घातलीत. मग म्हणालात, "घरात एकदा मोठ्यानं वाचा ह्या ओळी. शेरॉनच्या पुढं वाचा."

मला वाटलं, टोमणा मारताय. माझ्या लेकीला माझ्याविरुद्ध उभं करताय. मी म्हणाले, "शेरॉनला मधे आणू नका." तुम्ही "बरं" म्हणालात आणि गेलात. भाकरी करपली होती.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ते गाणं म्हणायला शेरॉनच उभी राहिली. मला आधी सांगितलं नव्हतं. पांढरा कुडता, केस बांधलेले, हातात माइक. खाली मागाची खडखड. ती चांगली म्हणत होती, भाऊजी, शब्द न् शब्द कळत होता. आणि मधेच तिनं माइक खाली केला. खडखड नुसतीच चालू राहिली. ती समोर बघत उभी. शेजारच्या लिलीबाईंना मी हळूच म्हणाले, "विसरली वाटतं." मग तिनं माइक वर घेतला आणि पुढचं गाणं पूर्ण केलं. तुम्ही स्पीकरपाशी खाली मान घालून बसला होतात.

घरी आल्यावर मी तिला म्हणाले, "नीट पाठ करायचं असतं."

ती म्हणाली, "हो."

मराठीची शिक्षिका मी! माझ्यासमोर एका मुलीनं दोन ओळींइतकी जागा मोकळी सोडली आणि ती मला वाचता आली नाही.

त्यानंतर चार महिने आपण कामापुरतं बोललो. तुम्ही कागद पाठवायचात, मी खूण करून द्यायची. नंतर नंतर वाचतही नव्हते. एकदा तुम्ही जेवायला थांबलात आणि म्हणालात, "वहिनी, एक बोलायचं होतं," आणि मग म्हणालात, "जाऊ द्या, आमटी वाढा." काय बोलायचं होतं हो? ओळींचं होतं का? का आईंचं? मी विचारलं असतं तर सांगितलं असतंत का?

शनिवारी दुपारी हॉलमध्येच तुम्ही खुर्चीवरून कोसळलात. पोरांनी उचलून रिक्षात घातलं. आम्ही दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. एकोणपन्नास हे काय जायचं वय आहे? तुमचे कपडे आणि ती खांद्यावरची खाकी पिशवी त्यांच्यातल्या एका मुलीनं माझ्या हातात दिली. ती पिशवी मी घट्ट धरली, आणि भाऊजी, त्या क्षणीसुद्धा मी तिचं वजन अजमावत होते.

दुसऱ्या दिवशी दफनाला पोरं आली. कबरस्तानाच्या फाटकापाशी त्यांच्यातला एक जण पुढं झाला आणि सवयीनं त्यानं माझ्या हातात कागद दिला. कबरीपाशी म्हणायच्या गाण्याचा. मी तो तिथं उभी राहून पूर्ण वाचला. मी वाचणारच. दोनदा 'बे' होतं. मी काही खोडलं नाही. पोरांनी टाळ्यांवर ते म्हटलं आणि अर्ध्यावर सगळ्यांचा आवाज फुटला. फक्त शेरॉन रडली नाही. ती माझ्यावर गेलीय.

सोमवारी घरात कुणी नसताना मी तुमची पिशवी पलंगावर उपडी केली. खरं सांगायचं तर मी बाटली शोधत होते. सहा वर्षं मला खात्री होती की कुठंतरी असणार. माइकची वायर निघाली, चार्जर निघाला, ज्येष्ठमधाच्या काड्या, पेपरमिंटच्या गोळ्यांचं पाकीट, चष्म्याचं घर. तळाशी एक प्लॅस्टिकची फाइल. तिच्यात पोरांचे मूळ कागद. वहीतून फाडलेले, चुरगळलेले, कुठं वडापावचं तेल लागलेलं. प्रत्येक कागदाचं अक्षर वेगळं. एकही गाणं तुमचं नव्हतं, भाऊजी.

चौथा कागद शेरॉनचा होता. ते अक्षर मी बालवाडीत हात धरून गिरवून घेतलंय. माझ्या दोन ओळी, म्हणजे तिच्या दोन ओळी, तिथं होत्या. कागदाच्या मागं तुमच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'नाव सांगायचं नाही. शब्द दिलाय. वहिनींना तर नाहीच.'

तुम्हाला नुसतं एक वाक्य बोलायचं होतं. 'वहिनी, हे तुमच्या लेकीनं लिहिलंय.' माझं तोंड कायमचं बंद झालं असतं. ते न बोलता तुम्ही आईंच्या नावानं माझे बोल ऐकून घेतलेत. आयुष्यात एकदाच शब्द पाळलात, तोही माझ्याविरुद्ध. आता रागावू तरी कुणावर?

परवा दुपारी शेरॉन गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होती. मी तो कागद घेऊन वर गेले. नुसता कागद पुढं केला.

तिनं बघितला आणि तिचा चेहरा मिटला. "म्हणजे शेवटी अंकलनी पण सांगितलंच," ती म्हणाली.

मला हे सुचलंच नव्हतं. मी तिथं माफी मागायला गेले होते, आणि तिच्या डोळ्यांदेखत तुम्ही खोटे ठरत होतात. मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. अंकलनी सांगितलं, आईला कळलं, आई सुधारली. माझी बाजूही बरी दिसली असती. एक क्षण मी गप्प राहिलेसुद्धा. तेही तुमच्यापासून लपवत नाही.

मग म्हणाले, "त्यांनी नाही सांगितलं. मी त्यांची पिशवी उपसली."

"का?"

"बाटली शोधत होते."

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. मला वाटलं, आता ही जिना उतरून जाणार आणि मग कधीच बोलणार नाही. "सापडली?" तिनं विचारलं.

"नाही."

"मी पण शोधली होती," शेरॉन म्हणाली. "त्यांना शब्द द्यायला लावला ना, त्याच दिवशी. ते पाणी प्यायला गेले होते. त्यांनी बघितलं मला. मला वाटलं आता ओरडतील."

"मग?"

"हसले. म्हणाले, आईची पोरगी शोभतेस की बे."

आणि ती रडायला लागली. कबरीपाशी न रडलेली माझी मुलगी, गच्चीवर, वाळलेल्या कपड्यांत तोंड खुपसून. मी तिला जवळ घेतलं. तिनं घेऊ दिलं. आम्ही दोघी तुमच्यासाठी रडलो, आणि मधेच हसलोही. दोघींनी तुमची झडती घेतली, भाऊजी, आणि दोघींना काही सापडलं नाही. मला माफ करा. या वेळी मनापासून मागतेय.

मग पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून मी तिला विचारलं की तुला काय झालंय. तिनं सांगितलं. ऊन कलेपर्यंत सांगत होती. मी मधे बोलले नाही, एकही शब्द दुरुस्त केला नाही. काय सांगितलं ते इथं लिहीत नाही. तिनं माझ्याकडून शब्द घेतलाय.